पाणवठ्यावर धर्म तपासा

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : इस्लाम आणि इतर धर्म शांतता शिकवतात की हिंसा? मी पंडित नाही, मौलवी नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. कविता लिहितो, पण पोट चालतं गोणीवर. गोदीत एक गोष्ट शिकलो. गोणीवर काय छापलंय त्यावरून माल ठरत नसतो. आकडा मारला, दोन दाणे हातात आले, की कळतं आत काय आहे. तर आज धर्माला आकडा मारून बघू. सगळ्यांच्या. आपल्यासुद्धा.

आधी विषयाचेच शब्द बघा. 'इस्लाम आणि इतर.' एकाला नाव घेऊन पिंजऱ्यात उभं केलं आणि बाकीचे बसले बाकांवर. आमच्या टोळीत एक चाचा आहेत, साठीला टेकलेले. कुठं बॉम्ब फुटला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी त्यांना विचारतंच, "चाचा, तुमच्यात हे असं कसं चालतं?" चाचा मान खाली घालून भाकरी मोडत राहतात. आणि ज्या दिवशी पेपरात येतं की अमक्या गावात बौद्धवाड्यावर हल्ला झाला, त्या दिवशी वरच्या जातीच्या मुकादमाला कुणी विचारतं का, "मुकादम, तुमच्यात हे असं कसं चालतं?" नाही विचारत. कारण एकाच्या गुन्ह्याला धर्माचं नाव लागतं, दुसऱ्याच्या गुन्ह्याला 'जमिनीचा जुना वाद' असं नाव लागतं. हा पहिला खोटा तराजू. तो आधी मोडू, मग माल मोजू.

पण भावांनो, तराजू खोटा आहे म्हणून माल मोजायचाच नाही, असं मी म्हणणार नाही. आपले काही पुरोगामी मित्र आहेत. इस्लामचं नाव निघालं की ते म्हणतात, "छे छे, त्याचा धर्माशी संबंधच नाही." मारणारा धर्माचं नाव घेऊन मारतो, मरणारा धर्माच्या नावानं मरतो, आणि हे म्हणतात संबंध नाही! ही सोय झाली, उत्तर नाही झालं. मनुस्मृतीचा अस्पृश्यतेशी संबंध नाही असं कुणी आपल्याला सांगितलं तर आपण ऐकून घेऊ काय?

मग काही जण पुस्तकं काढतात. एक जण कुराणातली दयेची आयत काढतो, दुसरा युद्धाची. बायबलात डोंगरावरचं प्रवचन आहे, आणि त्याच बायबलात यरीहो शहरातल्या बायकापोरांची कत्तलही आहे. गीता तर रणांगणावरच सांगितलेली. पुस्तकं पुस्तकांवर आपटून रात्र जाते, सकाळी ज्याचा आवाज मोठा तो जिंकलेला असतो. मला हे भांडण नको, कारण आमच्या गोदीनं मला वेगळा हिशेब दाखवलाय.

१४ एप्रिल १९४४. तारीख आपल्याला पाठ आहे, बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. तो इंग्लंडातून आला. वाटेत कराचीला त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या भरल्या. जहाजाच्या ज्या पोटात स्फोटकं, त्याच पोटात कापूस. धोक्याचा लाल बावटा जहाजावर लावला नव्हता. दुपारी कापसानं पेट घेतला, चारच्या सुमाराला दारूगोळा उडाला, अर्ध्या तासानं पुन्हा उडाला. आसपासच्या गोदामांसकट वस्त्या गेल्या, शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मेले. अग्निशमन सप्ताह त्यांच्याच आठवणीचा असतो.

आता मला सांगा, कापूस हिंसक असतो का? कापूस म्हंजे अंगावरचं कापड, बाळंतिणीची दुलई. पण कुणीतरी सही करून तो दारूशेजारी रचला. धर्माच्या जहाजातही असंच आहे. कापूसही आहे आणि दारूही आहे. ज्यात नुसता कापूस आहे असं एकही जहाज मी पाहिलेलं नाही. म्हणून 'हे जहाज कोणत्या देवाचं' हे विचारण्यात अर्थ नाही. माल कुणी रचला, पैसा कुणाचा, कागदावर सही कुणाची, बावटा कुणी लावला नाही, आणि मेले कोण, हे विचारा.

हे मी हवेत बोलत नाही. इस्लामपुरतं बोलायचं तर एकच शहर घेऊ. पेशावर. आज ते पाकिस्तानात आहे. पठाणांचं शहर. या एका शहरातल्या दोन तारखा सांगतो.

पहिली तारीख २३ एप्रिल १९३०. खान अब्दुल गफारखान नावाचा पठाण. एक वर्ष आधी त्यानं 'खुदाई खिदमतगार' नावाची संघटना उभी केली होती. खुदाई खिदमतगार म्हंजे देवाचे सेवक. ज्या मुलखात सूड घेतला नाही तर बाप पोराला बाप म्हणू देत नाही, तिथं या माणसानं हजारो पठाणांकडून देवाच्या नावानं शपथ घेतली की हात उचलायचा नाही, सूड घ्यायचा नाही. पांढरे कपडे मळतात म्हणून त्यांनी ते विटकरी लाल रंगात बुडवले. पाहा, गरिबाचा गणवेश कसा ठरतो. गफारखान म्हणत, ही अहिंसा मी कुठून उसनी आणलेली नाही, मक्केत छळ सोसणाऱ्या पैगंबराच्या सबुरीतून ती घेतलीय. त्याला इंग्रजांनी त्या दिवशी पकडलं. पेशावरच्या किस्साखानी बाजारात लोक जमले. इंग्रजांनी गर्दीवर चिलखती गाड्या घातल्या, मग गोळीबार केला. लोक पळाले नाहीत, उलट हातही उगारला नाही. सरकारनं मेलेल्यांचा आकडा लहान सांगितला, काँग्रेसच्या चौकशीत तो त्याच्या कितीतरी पट निघाला.

त्याच दिवशी त्याच बाजारात आणखी एक गोष्ट घडली. गढवाल रायफल्सच्या एका तुकडीला गोळी झाडायचा हुकूम झाला. तुकडीतले शिपाई हिंदू, पहाडातल्या शेतकऱ्यांची पोरं. समोरची गर्दी मुसलमानांची. हवालदार चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निशस्त्र माणसावर गोळी झाडायला नकार दिला. कोर्टमार्शल झालं, चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. इंग्रजांनी हिंदू पलटण तिथं कशापायी ठेवली असेल, ते मी तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे असं नाही. हिंदूच्या हातून मुसलमान मरावा, म्हंजे दोघांत रक्त राहील आणि राज्य साहेबाचं राहील. त्या शिपायांनी तो हिशेब फाडून टाकला. नोकरी घालवून, जन्म तुरुंगात घालून फाडला.

याच गफारखानला १९३४ साली मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. आपल्या शहराशी त्याचं हे एवढं नातं. शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते.

आता दुसरी तारीख. १६ डिसेंबर २०१४. तेच पेशावर. आर्मी पब्लिक स्कूल नावाची शाळा. तालिबानचे बंदूकवाले आत शिरले. दीडशेच्या आसपास माणसं मारली, त्यांत १३२ शाळकरी पोरं. मारणाऱ्याच्या तोंडी अल्लाचं नाव, मरणाऱ्या पोराच्या तोंडीही अल्लाचंच नाव. त्याच्या आदल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०१३ला, त्याच शहरात चर्चमधून रविवारची प्रार्थना संपवून निघालेल्या ख्रिस्ती माणसांत बॉम्ब फुटले, ऐंशीच्या वर माणसं मेली.

शहर तेच. कुराण तेच, त्यातला एक शब्दही मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत बदललेला नाही. मग बदललं काय? दोस्तांनो, इथं आकडा मारा.

१९४७ला पाकिस्तान झालं. दुसऱ्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९४८ला, बाबडा या गावात खुदाई खिदमतगारांच्या सभेवर गोळीबार झाला. गोळी झाडणारं सरकार आता इंग्रजांचं नव्हतं, मुसलमानांच्या नावानं झालेल्या देशाचं होतं. संघटनेवर बंदी आली. गफारखान पुन्हा तुरुंगात. म्हंजे इस्लाममधला कापूस आधी वेचून बाहेर काढला. १९७७ला जनरल झिया बंडखोरी करून खुर्चीवर बसला. लोकांनी निवडून दिलेला नव्हता, म्हणून त्याला अल्लाची सही पाहिजे होती. फटक्यांचे आणि हातपाय तोडण्याचे कायदे आले. १९७९च्या डिसेंबरात रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात उतरलं. मग अमेरिकेचा पैसा आला, सौदी अरेबियाचा पैसा आला, बंदुका आल्या, आणि सगळं पाकिस्तानी लष्कराच्या हातून पेशावरच्या बाजूनं पलीकडे जाऊ लागलं. तीस लाखांवर अफगाण निर्वासित पाकिस्तानात पडले होते. त्यांच्या पोरांसाठी अमेरिकेच्या सरकारी पैशातून, नेब्रास्का नावाच्या अमेरिकन विद्यापीठाच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तकं छापली गेली. त्यांत आकडे शिकवायला बंदुका आणि गोळ्या होत्या. एक बंदूक, दोन बंदुका. पोरगं बेरीज शिकलं ती अशी. पुढं तीच पिढी बंदूक घेऊन घरी परतली तेव्हा जगानं तोंडावर हात ठेवून विचारलं, "इस्लाम इतका हिंसक कसा?"

म्हणून म्हणतो, फक्त आयत बघू नका, पावती बघा.

आपल्या मुंबईचंच बघा. १९९२ डिसेंबर आणि १९९३ जानेवारीची दंगल. माझा जन्म त्यानंतरचा, पण वस्तीतल्या म्हाताऱ्या अजून त्या रात्रींबद्दल हळू आवाजात बोलतात. श्रीकृष्ण आयोगानं ९०० मेलेले मोजले. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. मग १२ मार्च १९९३चे बॉम्बस्फोट. २५७ माणसं मेली. त्यासाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली. ती उतरू देणाऱ्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले, आणि ते काही सगळे मुसलमान नव्हते. त्यांनी कोणत्या धर्मग्रंथाच्या आधारे ती पेटी सोडली? लाचेला धर्म नसतो. पण लाच घेऊन सोडलेल्या पेटीवर नंतर धर्माचं नाव चिकटतं.

आता मी दुसरीकडे वळतो, कारण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणाल, मग धर्म निर्दोष, दोष फक्त सत्तेचा आणि पैशाचा. तसं नाही. दारूगोळा बाहेरून येतो, पण पोटात जागा करून ठेवलेली असते. ती जागा कुठली? ती पाणवठ्यावर दिसते.

२००९ सालचा जून. पाकिस्तानातल्या पंजाबात एक शेतमजूर बाई, आसिया बीबी. धर्मानं ख्रिस्ती. तिकडचे पुष्कळसे ख्रिस्ती म्हंजे जुने चुहडा जातीचे लोक, झाडूवाले, शेतमजूर, जे धर्म बदलून येशूकडे गेले. जात मात्र त्यांच्या मागोमाग गेली. उन्हात फालसे तोडताना ती पाणी आणायला गेली, त्यातलं प्याली. बरोबरच्या मुसलमान बायका म्हणाल्या, हिच्या हातचं पाणी नापाक झालं. शब्दाला शब्द वाढला. काही दिवसांनी तिच्यावर पैगंबराच्या निंदेचा आरोप आला. झियाच्या राजवटीत १९८६ला आलेल्या कलमाखाली तिला २०१० साली फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं ४ जानेवारी २०११ला गोळ्या घातल्या. तासीर मुसलमान होते. मारेकऱ्यावर वकिलांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या.

पाण्यावरून! पाणी बाटलं म्हणून! ऐकल्यासारखं वाटतं की नाही?

२० मार्च १९२७. महाड. चवदार तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पीत. फक्त आपण नाही. बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या निघाल्या, जेवत असलेल्या माणसांवर पडल्या. त्या दिवशी आपल्या माणसांना आसरा कुणी दिला? महाडच्या मुसलमानांच्या घरांनी. आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळायची तेव्हा परिषदेच्या मांडवाला जागा मिळेना, ती जागाही एका मुसलमानानं दिली. तळं मात्र शेणागोमुताच्या १०८ घागरी ओतून 'शुद्ध' केलं गेलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. महाडला मुसलमानानं दार उघडलं. पंजाबात मुसलमानानं पाण्यावरून हाकललं. कोणता इस्लाम खरा? माझं उत्तर असं आहे की दोन्ही खरे. महाडला मुसलमान थोडे होते, तळ्याचा मालक दुसरा होता. पंजाबात तळ्याचे मालक ते स्वतः होते, वर कायदा त्यांचा, पोलीस त्यांचे. ज्याच्या हातात पाणवठा येतो त्याच्या धर्मातली दारू बाहेर येते. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो.

आणि गोष्ट इथं संपत नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ला पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं आसिया बीबीला निर्दोष सोडलं. न्यायाधीश तिघेही मुसलमान, वकील मुसलमान. निकालात त्यांनी कुराणाचाच आधार घेतला, ख्रिस्ती साधूंना पैगंबरानं दिलेल्या अभयवचनाचाही. वकिलाला जीव वाचवायला देश सोडावा लागला. म्हंजे कापूसही त्याच जहाजातून निघाला. पण त्यासाठी कुणालातरी जीव तळहातावर घ्यावा लागला. आपोआप काही निघत नाही.

ख्रिस्ती जगाचंही तेच. अमेरिकेत बर्मिंगहॅम शहर. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार मुली मेल्या. बॉम्ब ठेवणारे क्लू क्लक्स क्लानचे, क्रूस जाळत मिरवणारे. मेलेल्या मुली क्रुसापुढं प्रार्थना शिकायला आलेल्या. मार्टिन ल्यूथर किंग ज्या बायबलावर हात ठेवून अहिंसा सांगत होते, तेच बायबल बॉम्बवाल्याच्या घरी. पहिल्या गुन्हेगाराला शिक्षा व्हायला १९७७ साल उजाडलं.

आता तुमच्यातले काही खूश होऊन बसलेत, मला दिसतंय. मनात म्हणताय, "बरं झालं, आपला धम्म तरी स्वच्छ." थांबा. आपल्याच गोणीला आकडा मारला नाही तर हे भाषण लबाडी ठरेल.

ब्रह्मदेश. १९५४ साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी ज्या रंगूनला गेले तो देश. २००७च्या सप्टेंबरात तिथले हजारो भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. भिक्षापात्र पालथं धरलं, म्हंजे तुमचं दान आम्हाला नको. ओठांवर मैत्रीचा पाठ. लष्करानं त्यांना झोडपलं, गोळ्या घातल्या. बरोबर दहा वर्षांनी, २०१७च्या ऑगस्टपासून, त्याच लष्करानं रोहिंग्या मुसलमानांची गावं जाळली, सात लाखांवर माणसं जीव घेऊन बांगलादेशात पळाली. आणि तेव्हा चीवर घातलेले काही भिक्खू लष्कराच्या बाजूनं होते, विराथूसारखे भिक्खू तर मुसलमानांविरुद्ध वर्षानुवर्षं विष ओतत आले होते. चीवर तेच, त्रिशरण तेच. लंकेत १९५९ला पंतप्रधान बंदरनायके यांना गोळ्या घालणारा माणूस भिक्खूच होता. १९८३च्या जुलैत तमिळांची घरं जाळणाऱ्या झुंडी निघाल्या त्या बुद्धाच्याच देशात.

बुद्धानं हे शिकवलं का? नाही. पण नुसतं 'बुद्धानं शिकवलं नाही' म्हणून मोकळं होता येणार नाही. मुसलमानाला आपण जो प्रश्न विचारतो तोच आपल्याला लागू. जिथं धम्म राज्याचा मालक झाला, 'हा देश आमच्या धर्माचा' असं म्हणायला लागला, तिथं बुद्धाच्या नावानंही शेजाऱ्याचं छप्पर पेटलं.

मग शांतता म्हंजे काय? हा शब्दही तपासा. १९ मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्यावर पूर्ण शांतता होती. कुणी कुणाला मारलं नव्हतं, कारण कुणी पाण्याला हात लावला नव्हता. आसिया बीबीनं भांडं उचलेपर्यंत त्या शेतातही शांतताच होती. गावोगावी ही शांतता पसरलेली असते. पाटील सांगतो, "आमच्या गावात कधी भांडण नाही, सगळे गुण्यागोविंदानं." अरे, एकानं मान खाली घातली आहे म्हणून भांडण नाही! ही शांतता म्हंजे हळू आवाजात चाललेली हिंसा. ती मोडली की पेपरवाले लिहितात, 'गावातील शांतता भंग.' भंग करणारा कोण, तर पाणी मागणारा.

म्हणून 'हा धर्म शांततेचा की हिंसेचा' हा प्रश्न मी त्याच शब्दांत घेत नाही. मी कुठल्याही धर्माला दोन गोष्टी विचारतो. एक, तुझ्या पाणवठ्यावर शेवटचा माणूस हात घालू शकतो का? दोन, तुला सोडून जाणारा माणूस जिवंत आणि सन्मानानं जाऊ शकतो का?

या दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण घाम पुसतात. काही मुसलमान देशांत धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंडाचा कायदा आहे. तो उघड उघड हिंसेचा कायदा आहे, त्याला दुसरं नाव नाही. बाबासाहेबांनी १९४०च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुसलमान समाजातली जात, पडदा आणि सुधारणेला असलेला विरोध, सगळ्यावर बोट ठेवलं. महाडच्या आसऱ्याबद्दलही त्यांनीच लिहिलं. दोन्ही लिहायची हिंमत पाहिजे. आणि आपल्या देशात? फाशी नाही, पण दाराला कुलूप आहे. १९५०च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ला शीख आत घेतले, बौद्धांना १९९० साल उजाडावं लागलं. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच ठेवला. गटार तोच उपसतो, पण देव बदलला म्हणून कागद गेला. वर काही राज्यांत धर्मांतराला परवानगी मागण्याचे कायदे. सोडून जाऊ न देणारा धर्म स्वतःला सहिष्णू म्हणवतो, तेव्हा हसावं की रडावं?

आता शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी. सण आला की आपल्या वस्तीत टेम्पो येतो. झेंडा मिळतो, डोक्याला पट्टी मिळते, नाष्टा मिळतो. मिरवणूक मशिदीपुढं येऊन थांबते आणि पुढच्या रांगेत उभी असतात आपली पोरं. मागं गाडीत बसलेला नेता आपल्या पोराला तिथं आणत नाही. केस आपल्या पोरावर होते. पासपोर्ट, नोकरी, पोलीस पडताळणी, सगळं आपल्याच पोराचं अडकतं. दुसऱ्या बाजूच्या मोहल्ल्यातही असाच एक टेम्पो फिरतो, तिथलंही गरिबाचंच पोर उचलतो. एका बाजूचा हमाल दुसऱ्या बाजूच्या हमालाला फोडतो आणि गोदाम तिसऱ्याचं वाचतं.

पेशावरच्या बाजारातल्या गढवाली शिपायांसमोर हाच टेम्पो उभा होता, फक्त त्यावर इंग्रजांचा झेंडा होता. त्यांनी नाही म्हटलं. पठाणांनीही दगड उचलायला नाही म्हटलं. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, दोन धर्मांच्या गरिबांनी मालकाला नाही म्हटलं. मला विचाराल तर जगातल्या शांततेचा सगळा इतिहास या 'नाही'चा आहे. धर्मानं ती दिली नाही. धर्मातल्या माणसांनी ती मालकाकडून हिसकावून घेतली.

तेव्हा पुढच्या वेळी टेम्पो आला की एवढंच करा. चढू नका. धाकट्या भावाला चढू देऊ नका. अफवा आली की आधी विचारा, कुणी पाठवली. मोहल्ल्यातल्या पोरांचे नंबर आजच घेऊन ठेवा, रात्री-बेरात्री विचारता येईल की खरं काय घडलं. आणि कुठं पेटलंच, तर महाडच्या मुसलमानांनी उघडलेलं दार आठवा. ते कर्ज आपल्यावर आहे. ते फेडायचं म्हंजे आपलं दार उघडं ठेवायचं.

जयभीम.